सोपट, खारं पाणी आणि तुझी गाडी

प्रिय तेजू,

काल आधी आली ती शेजारची पॉलिन. तिच्या मागून तिचा नवरा ॲल्रॉय, हातात नारळाच्या केकचा डबा आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. मी तिथंच ओळखलं, हे नुसते बसायला आलेले नाहीत. कुंपणापलीकडून अंगणात यायला माणसाला इस्त्री कशाला लागते? पॉलिन एरवी ओट्यावर फतकल मारून बसते, ती काल खुर्चीवर बसली. चहा झाला, केक झाला (छान होता, पण साखर जास्त), आणि मग ॲल्रॉयनं घसा खाकरून तुझ्या पप्पाला सांगितलं, "जितेश, तेजूची व्हॅन आम्हाला दे. हिला लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी असतात, त्यांचे टोप न्यायला बरी पडेल." तुझा पप्पा कप बशीत ठेवायच्या आधीच म्हणाला, "आजच न्या." आता बघ, ही तीच पॉलिन, जी सगळा पावसाळा कुंपणावरून मला ओरडून सांगायची, "हंसा, त्या डब्यात कोंबड्या पाळ गो, निदान अंडी तरी देतील!"

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर गाडीचं नाव काढलं की पुण्यात नेमकी तुझी रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा किती, ते तुला माहीत आहे. अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच, माझा आवाज आपोआप येईल.

तर पहिल्यापासून सांगते. तू पुण्याला मावशीकडे निघून गेलीस आणि गाडी मागच्या छपरात उभी राहिली. मांजरी तेवढ्या खूश. पाचूबंदरच्या काशीरामनं तिच्यातून इतकी वर्षं मासळी नेली, तिचा वास अजून पत्र्यात मुरलेला. आपण त्याच्याकडून भाजीसाठी घेतली तरी मांजरींना ती मासळीचीच. गणपती झाले आणि तुझ्या पप्पानं भंगारवाल्याला बोलावलं. मी मेथीची टोपली घेतली, गाडीत जाऊन बसले आणि निवडायला लागले. भंगारवाला बिचारा चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "शेठ, आजीसकट नाय घेत आपण." मी म्हटलं, मग राहू दे. तुझा पप्पा पाय आपटत घरात गेला. मला काय, मेथी निवडून झाली होती.

मग केनीला निरोप धाडला. तोच, चर्चच्या मागच्या गल्लीतला गॅरेजवाला. गाडी टेम्पोला बांधून ओढत नेली, आणि मी स्टूल घेऊन तिथंच मुक्काम ठोकला. खालचा मॅट उचलला तर काय सांगू, पायाखाली थेट गॅरेजची जमीन दिसत होती! दारांच्या खालच्या कडा नुसत्या चुरत होत्या, पापडासारख्या. केनी म्हणाला, भोकांत पुट्टी भरतो, वरून रंग मारतो, नवी दिसेल. मी म्हटलं, दिसेल, पण असेल का? माझं खुरपं पिशवीत होतंच. त्याच्या दांड्यानं मी सगळा पत्रा ठोकत गेले. जिथं टणटण वाजला तो ठेवायचा, जिथं भद्द वाजला तो कापायचा. केनी आधी हसला, मग वैतागला, म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी जावा, मी फोन करतो." मी गेले नाही. शेवटी त्यानं कुजलेला सगळा पत्रा कापला, नवा जोडून वेल्डिंग केलं, तारेच्या ब्रशनं गंज घासला, त्यावर लाल प्रायमर आणि खालून काळा डांबरासारखा लेप. त्याच्यासाठी रोज भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी नेत होते, म्हणून टिकला.

गंज काशीरामच्या मासळीच्या बर्फानं धरला होता, हे खरं. पण वर्षभरात एवढा पसरला कसा? केनीनं विचारलं, गाडी धुता कशानं? आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझे आजोबा उभे राहिले. आठवतं ना, रोज सकाळी पंप लावून गाडीला आंघोळ घालायचे, खालून, वरून, चाकांच्या आतून, जसा पूर्वी बैल धुवायचे तसे. पाणी कुठलं, तर मागच्या बोअरचं, जे आपण तोंडात घेत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाचं गोडं पाणी गाडीवर कोण घालणार, जपून वापरायचं असतं ना! खाडीचं मीठ रोज प्रेमानं तिच्या हाडात घालत होते. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "पानी ते पानी." मग वाडीत जाऊन बसले, ते जेवायलाच आले. आता गोड्या पाण्याची बादली आणतात, फडकं पिळून पिळून पुसतात, आणि स्वतःच्या आंघोळीत कपात केली आहे. जवळ बसवत नाही.

आता इंजिनाचं. हे नीट वाच, तेजू. पत्रा झाला, गाडी चालू झाली, पण जीव नव्हता. ॲक्सिलेटर दाबला की नुसती धाप टाकायची. केनीनं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, तरी तेच. म्हणाला, इंजिन उघडायला लागेल बहुतेक. मग पुढची सीट उचलून हवेच्या फिल्टरचा डबा खोलला, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. आत सोपट! केळीच्या खोडाचं सोपट, आपण भाजीच्या जुड्या बांधायला वाळवून फाडतो ना, तेच. कातरून, मऊ करून, गच्च भरलेलं, आणि मधे उंदराचं रिकामं घरटं. ओलं होऊ नये म्हणून सोपटाची मोळी सीटखाली कोण कोंबायचं? तुझेच आजोबा. गाडीला श्वास घ्यायला जागाच नव्हती गो. डबा साफ करून नवा फिल्टर घातला आणि ती अशी गुरगुरली की गॅरेजमधला कुत्रा उठून पळाला. मी टाळ्या वाजवल्या. केनीनं विचारलं, "हे किती दिवसांचं असेल?" मी म्हटलं, तेच मला पाहिजे, तूच सांग. तो म्हणाला, घरटं जुनं आहे, मागच्या उन्हाळ्याच्याही आधीचं.

म्हणजे तू फुलपाड्याला भाजी विकायला निघालीस आणि स्टेशनजवळच्या पुलावर गाडी मधेच बसली, तेव्हा ते तिथं होतं. गाडी मागे घरंगळली, रिक्षावाले शिव्या घालायला लागले, दुधी रस्त्यावर लोळले, आणि तुझा पप्पा सगळ्यांसमोर म्हणाला, क्लच जाळलास, हे तुझं काम नाही. केनीनं क्लचही बघितला. ठणठणीत आहे. मी जितेशला केनीसमोर उभं करून ऐकवलं. तो म्हणाला, "बरं, बरं." त्याला तेवढंच येतं.

मग पूल चढायचाच होता. केनी रिकामी गाडी न्यायला निघाला, मी म्हटलं, रिकामी तर कुणीही चढवेल. केळ्यांचे घड भरले, भोपळे भरले, तुझे आजोबा बसले. पॉलिन कुंपणाशी उभी होती, तिलाही बसवलं. केनी हळूच म्हणाला, पॉलिनमावशी आल्या, आता भोपळे उतरवले तरी चालेल. पॉलिननं त्याला मागून टपली मारली. आणि तेजू, गाडी चढली! न थांबता, न कुथता, मागच्या बसवाल्यानं हॉर्नसुद्धा दिला नाही. वरून खाली आगगाडी जाताना दिसली. मी दोन्ही हात जोडले, आजोबांनी दाराचा पत्रा थोपटला. आणि पॉलिन? पॉलिन सीट, छप्पर, सगळं हात लावून बघत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. घरी उतरल्यावर तिनं मागची जागा वितीनं मोजली, किती टोप मावतील ते.

तर हे असं झालं. भंगारातून वाचवली म्हणून तिला गिऱ्हाईक आलं. पॉलिनवर माझा राग नाही, कष्टाची बाई आहे, तिच्याकडे गेली तर गाडी चांगल्या घरी पडेल. पण गाडी तुझ्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय कुणाची होत नाही. तुझा पप्पा आज-उद्या फोन करेल, कागद मोबाइलवर पाठवतो म्हणेल. तेव्हा हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. घरी ये. केळी मी भरून ठेवते, आजोबांना मागे बसवते, मी तुझ्या शेजारी बसते, आणि तू स्वतः तो पूल चढ. पलीकडे फुलपाड्यापर्यंत जायचं की नाही, ते वर गेल्यावर ठरव. मग सही करायची तर कर, मी पॉलिनच्या हातात किल्ली देईन आणि तिच्या ऑर्डरीच्या एखाद्या लग्नात जेवून येईन. पण पुलावर रडत उतरलेली पोर म्हणून तू ती गाडी विकायची नाहीस, एवढं मी ठरवलं आहे. त्या दोघांना मी काल अंगणातच सांगितलं, मालकीण आल्याशिवाय बोलणं नाही. ॲल्रॉय हसला, पॉलिननं केकचा रिकामा डबा काखेत मारला, आणि रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की येतो, असं सांगून ती दोघं गेली.

तुझीच, शेजारच्या सीटवर बसायला तयार असलेली,
हंसा आजी