त्रेचाळीस हरकती

इंदापूर,
मंगळवार, २१ सप्टेंबर १९९९

चिरंजीव धम्मदीप यास अप्पामामाचा इंदापुराहून कडक जय भीम.

तू, मेघना आणि पोरगी ठणठणीत असाल असं गृहीत धरून पुढं लिहितो. (मेघनाची कंबरदुखी राहिली का? तिला म्हणावं, ऑफिसच्या खुर्चीत उशी घेऊन बस. मी चौतीस वर्षं सरकारी खुर्चीत उशीविना काढली, त्याचं फळ आता जिना चढताना मिळतंय.) इकडं तुझी मामी बरी आहे, मी बरा आहे आणि तू दिलेला कॉम्प्युटरही बरा आहे. हे शेवटचं पुन्हा एकदा वाच. कारण रविवारी मोहनराव पुण्याला येऊन गेले, आणि आमचे हे शेजारी ज्या घरचा चहा पितात तिथं बातमी ठेवल्याशिवाय उठत नाहीत. "अप्पानं कॉम्प्युटरची वाट लावली," हेच सांगितलं ना? माझ्याकडं बघून हसले तेव्हाच मी ओळखलं. हेच मोहनराव उद्या पहिल्या एसटीनं पुन्हा पुण्याला निघालेत (लेकीचं बाळंतपण), त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. पाकिटाला खळ लावलीय आणि वर चिकटपट्टीही मारलीय.

तर मुद्द्याची गोष्ट. मी काहीही मोडलेलं नाही. मी लावून ठेवलं. मोडणं आणि लावणं यांतला फरक तुमच्या पिढीला कळत नाही, कारण तुम्ही कधी रेकॉर्डरूम पाहिली नाही. मी चौतीस वर्षं तालुक्याच्या रेकॉर्डरूमचा कारभार पाहिला. पाऊस आला, वाळवी आली, चार साहेब आले नि गेले, पण अप्पाच्या ताब्यातला एक कागद गहाळ झाला नाही. असा माणूस तुझ्या त्या पांढऱ्या डब्यापुढं हात जोडून उभा राहील असं वाटत असेल तर तो गैरसमज आत्ताच काढून टाक.

तुला ठाऊक आहे, पण लेखी असलेलं बरं म्हणून लिहितो. गेलं वर्षभर मी कऱ्हाटी, सुपे आणि इकडच्या बाजूची म्हातारी माणसं गाठून, त्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसांचं त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलं. त्रेचाळीस जणांचं. माणूस घरी आणायचा, खुर्चीत बसवायचा, तुझ्या मामीनं चहा द्यायचा, तो बोलेल तसं मी थेट कॉम्प्युटरवर बडवायचं (मराठी टायपिंगची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालोय, विसरू नकोस). कागदावर एक ओळ नाही. एक तारखेला हे सगळं बारामतीला छापखान्यात द्यायचंय आणि चौदा ऑक्टोबरला पुस्तक लोकांच्या हातात पडायचंय. त्या त्रेचाळीस जणांतली सहा माणसं आता नाहीत. त्यांतली एक माझी तुळसाआक्का, तुझी आई. तेव्हा हा खेळ नाही, हे मला तुझ्याइतकंच कळतं.

गेल्या गुरुवारी, छापखान्यात द्यायच्या आधी सगळं नीट नंबरवार लावावं म्हणून बसलो. बघतो तर काय, प्रत्येक फायलीच्या नावामागं एक टिंब आणि त्यापुढं तीच तीन इंग्रजी अक्षरं, डी ओ सी. भीमाच्या मागं तेच, साखरबाईच्या मागं तेच, आक्काच्याही मागं तेच. अरे, हे काय शेपूट आहे? आमच्याकडं टिंबानंतर साल येतं, हा दंडक आहे. साल नसलेला कागद मी कधी फडताळात ठेवला नाही आणि आता म्हातारपणी ठेवणार नाही. मी ती तीन अक्षरं पुसली आणि तिथं नव्याण्णव घातलं. आता तुझ्या यंत्रानं मध्ये तोंड घातलं हे मान्य करतो. शेपूट बदललंत तर फाइल निकामी होईल, नक्की बदलायचं का, असं विचारलं. मी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणजे हरकत नोंदवून घेतली, सुनावणी दिली आणि फेटाळली. दुसऱ्या फायलीला पुन्हा तीच हरकत, पुन्हा फेटाळली. अशा त्रेचाळीस हरकती मी एका बैठकीत निकाली काढल्या. एवढ्या झपाट्यानं काम एखाद्या प्रांतानं केलं असतं तर त्याचा सत्कार झाला असता. माझ्या वाट्याला काय आलं? मोहनराव.

आणि एक लक्षात ठेव, ती शेपटं मुळात दिसत नसतात म्हणे, तूच ती दिसतील अशी करून ठेवली होतीस. ज्याला हात लागू नये असं वाटतं ते झाकून ठेवावं.

त्याच बैठकीत मी आतली अडगळही आवरली. कुठला टायपिंगचा प्रोग्राम, कुठला अक्षरांचा, कुठला आकडेमोडीचा, सगळे वेगवेगळ्या खणांत लोळत पडलेले. मी ते उचलले आणि 'किरकोळ' नावाचा एक बस्ता करून त्यात बांधून ठेवले. (प्रत्येक रेकॉर्डरूमला किरकोळचा बस्ता लागतोच. त्यावाचून सरकार चालत नाही.) समोरच्या पडद्यावर तू जी बाण काढलेली चित्रं मांडून ठेवलीस, ती म्हणजे प्रोग्राम नव्हेत, नुसत्या चिठ्ठ्या आहेत, 'मी अमुक ठिकाणी सापडेन' असं सांगणाऱ्या, हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. माल हलवला आणि चिठ्ठ्या जुन्या पत्त्यावर राहिल्या.

मग चिठ्ठीवर टिचकी मारली की यंत्र बॅटरी घेऊन शोधायला निघतं. खरंच, पडद्यावर बॅटरीचं चित्र इकडून तिकडं फिरतं. मला ते बघून बरं वाटलं, आमचा शिपाईही तसाच शोधायचा. पण शोधून झाल्यावर हा पठ्ठ्या काय म्हणतो? तुम्ही मागितलं ते सापडत नाही, पण आकारानं, तारखेनं त्याच्या जवळचं हे एक आहे, चालेल का? काय हिंमत आहे बघ! माणसानं आपल्या शेताचा उतारा मागितला आणि आम्ही, तुमचा मिळत नाही पण साधारण तेवढ्याच एकराचा शेजाऱ्याचा आहे, असं म्हणालो असतो तर लोकांनी ऑफिस पेटवलं असतं. मी रागानं 'होय' दाबलं. (रागात 'नाही' दाबायचं सुचत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.) तेव्हापासून टायपिंगच्या चिठ्ठीवर टिचकी मारली की पत्त्यांचा डाव मांडला जातो. तुझी मामी आता दुपारी काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती लावत बसते आणि वर मला विचारते, "आवं, ह्ये तुमी माझ्यासाटी केलं व्हय?"

शुक्रवारी फायली उघडायला गेलो. यंत्र म्हणालं, हे नव्याण्णव शेपूट आमच्या ओळखीचं नाही, फाइल कोणाकडं द्यायची ते सांगा, आणि पुढं नावांची ही लांब यादी. आता फाइल मार्क करणं हा माझा हातचा मळ आहे. नवीन फाइल आली की ज्या टेबलावर काम कमी त्याच्याकडं ती द्यायची, हा आमचा साधा न्याय. मी यादी वरून खाली पाहिली. त्यात चित्रं रंगवायचा एक प्रोग्राम होता, तू कॉम्प्युटर दिल्यापासून त्यानं काडीचं काम केलेलं नाही. बसून पगार खाणारा. मी त्याच्याकडं मार्क केली. खाली एक चौकोन होता, 'या प्रकारच्या फायली नेहमी यांच्याकडंच', त्यात खूण आधीच केलेली. छापील फॉर्मवरची खूण मी खोडत नाही. खाडाखोड झालेला फॉर्म अवैध ठरतो, हे शेंबड्या पोराला कळतं. तर झालं असं, की आता त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फायली त्या रंगाऱ्याच्या टेबलावर जातात आणि तो मख्खपणे सांगतो, हे मला वाचता येत नाही. चौतीस वर्षं मी असलीच माणसं सांभाळली. फरक इतकाच की त्यांच्यावर आवाज चढवता यायचा.

तू म्हणशील, मामा, फ्लॉपीवर नक्कल घ्यायला सांगितली होती. घेतली होती रे बाबा! चार फ्लॉप्या आहेत, वर लाल शाईनं नावं घातलेली, पावडरच्या डब्यात कापसात ठेवलेल्या. शनिवारी काढून पाहिल्या. चारही फ्लॉप्यांवर बाणवाल्या चिठ्ठ्याच निघाल्या. मालाच्या नव्हे, चिठ्ठ्यांच्या नकला मी महिनोन्‌महिने जपल्या. हे वाचून हसू नकोस. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग तुझ्या मामीनं माझ्या पाठीमागं महिपतीला बोलावलं. हा स्टँडाजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. कॉम्प्युटर दोन, पोरं चाळीस, गळ्यात टाय. आला, खुर्चीत न विचारता बसला, दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "अप्पा, ह्याला फॉरमॅटच मारावा लागंल." म्हणजे काय रे? तर म्हणे, आतलं सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं. मी विचारलं, माझी माणसं? म्हणाला, "ती जात्याल की. पन मशीन नव्यावानी पळंल." धम्मदीप, मी उभा राहिलो. म्हटलं, महिपती, कपाटाची किल्ली हरवली म्हणून कपाट कागदांसकट जाळायचं, हे तुझ्या क्लासात शिकवतोस का? ही माणसं चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून गप्प होती. आता कुठं बोलली, ती तुझ्या सोयीसाठी पुसू? चहा पी आणि चालू लाग. चहा प्यायला आणि गेला, आणि स्टँडावरच्या हॉटेलात जाऊन मोहनरावांना भेटला. पुढची साखळी तुला कळली असेलच.

मी मात्र तसाच परत बसलो. एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. कागद हरवत नाही, जागा चुकते. वरच्या पट्टीतून आत शिरत शिरत मला शेवटी ती वही सापडली, कोणत्या शेपटाची फाइल कोणाच्या टेबलावर जाते त्याची पूर्ण नोंद. ती बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ज्याला मी अडाणी डबा समजत होतो, त्याच्या पोटात अस्सल कार्यविवरण नोंदवही! मी रंगाऱ्याचं नाव काढायला घेतलं, 'किरकोळ'चा बस्ता सोडला, एकेकाला शोधून खुर्चीवर बसवायला लागलो. फायली उघडू लागल्या आहेत. काम प्रगतिपथावर आहे. माझी चूक झाली असं माझ्याकडून कोणी वदवून घेणार नाही, तूही नाही. साल टाकणं बरोबरच होतं. यंत्राला सालाची किंमत नाही हा यंत्राचा दोष.

मामीचा तुम्हा सगळ्यांना जय भीम, पोरीला पापा. तुझ्या मदतीची गरज नाही, हे कळवण्यासाठीच हे चार शब्द.

तुझा मामा,
अप्पा

ता. क. छापखानेवाल्यानं तुला फोन केला तर एक तारीख पक्की म्हणून सांग. आवाज चाचरू देऊ नकोस.

ता. क. दुसरी. फायली उघडू लागल्या असं वर लिहिलंय. एकच उघडलीय. काल दुपारी, काय दाबलं ते मलाही सांगता येणार नाही, पण आक्काची उघडली. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही. एकदा मिटायला गेलो तर यंत्रानं विचारलं, बदल साठवू का? त्रेचाळीस वेळा मी त्याला ठणकावून होय म्हणालो होतो, या वेळी बोट उचललं नाही. रद्द करून तसाच बसून राहिलो. घरातला पंखा त्याच्याकडं वळवलाय. फ्यूज उडू नये म्हणून मामीला मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळ्याची बंदी केलीय. ती पाट्यावर चटणी वाटतेय आणि तोंडानं माझा उद्धार करतेय. फोन करायचा तर एसटीडी बूथपर्यंत जावं लागतं, आणि मला इथून हलवत नाही. म्हणून पत्र.

ता. क. तिसरी. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता खांब बदलायला लाईट घालवणार आहेत, दिवसभर. वायरमनच्या हातापाया पडून झालं. म्हणून मी पडद्यावरचं हातानं कागदावर उतरवून घ्यायला बसलो. दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर ती म्हणते, "आमचा अप्पा तवा सातवीत व्हता. दीक्षा घिऊन घरी येताना वाटंत मला म्हनला, आक्का, आता आपून कोन? मी म्हनलं, काल व्हतास त्योच हायस. निस्ती मान वर करून चाल."

धम्मा, त्यापुढं माझ्यानं लिहवत नाही. अजून नऊ पानं आहेत. शुक्रवारी नवाच्या आत ये. बाकीची बेचाळीस तू कशी काढायची ती काढ, मी खुर्ची सोडतो, एक शब्द बोलणार नाही. पण आधी ही नऊ पानं उतरवून घे. तुझी आई बोलतेय, आणि मला ऐकायला बसायचंय.