सीडीमुक्त घर

८ फेब्रुवारी २००४, रविवार
चंदनसारच्या दोन खोल्यांत माणसं दोन आणि सीड्या ढीगभर. निर्धार: घर सीडीमुक्त करायचं. मासिकाबरोबर फुकट आलेलं लिनक्स कॉम्प्युटरवर चढवलंच आहे. प्रत्येक सीडीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, हार्ड डिस्कवर घ्यायची. मग एक कमांड दिली की कॉम्प्युटरला वाटतं, सीडी आत घातलीय! सरोजिनी म्हणाली, गॅस नोंदवायचा राहिलाय. बायकोला दूरदृष्टी नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज आमच्या लग्नाची व्हीसीडी. सरोजिनी दारातच उभी. म्हणाली, अहो, जपून, अण्णांचा आवाज फक्त त्यातच आहे. (अण्णा, म्हणजे सासरे, गेल्या मार्चात गेले.) म्हटलं, अगं, म्हणूनच तर! ड्राइव्ह घरघरला, कसलासा 'एरर' आला. लिनक्सला उगाच बोलायची सवय आहे. इमेज उघडली. फाइलचं नाव आहे, साइज आहे. आणखी काय हवं? चालवून बघणार होतो, लाइट गेले.

२१ फेब्रुवारी
ऑफिसातला सायमन रडत होता. नंदाखालच्या त्याच्या वाडीत पोपट पेरू ठेवत नाहीत. जुन्या सीड्या झाडांना टांगल्या की चकाकीने पळतात म्हणे. पिशवी भरून दिल्या. लग्नाचीसुद्धा. इमेज असताना मूळ सीडी जपणं म्हणजे भाबडेपणा. सरोजिनीला अजून सांगितलं नाही. सरप्राइज!

१४ मार्च, रविवार
शुक्रवारी अण्णांचं वर्षश्राद्ध. सरोजिनी म्हणाली, दादा येतोय, त्याला आवाज ऐकवायचाय, आधी मला ऐकू दे. ऐटीत कमांड दिली. फाइल दिसली. क्लिक केलं. काळा पडदा. पुन्हा क्लिक. काळाच. शोधल्यावर कळलं, व्हीसीडीतला व्हिडिओ साध्या कॉपीत येतच नाही. हा व्हीसीडीचा शोध लावणाऱ्याचा दोष. सरोजिनी म्हणाली, राहू दे, मूळ सीडी लावा. मी म्हटलं, ड्राइव्ह तापलाय.

१५ मार्च
सायमन म्हणाला, टांगल्या की! वाऱ्याने फांद्यांवर घासतात. पोपट अजून येतात.
संध्याकाळी सरोजिनीला सांगून टाकलं. कुकर शिट्ट्या देत राहिला, तिने गॅस बंद केला नाही. मला खरंच भीती वाटली.

१६ मार्च
रजा टाकून दोघं नंदाखालला. झाडाझाडावर माझ्या सीड्या, ओरखडलेल्या. लग्नाची कुठेच नाही. सरोजिनी तिथेच रडायला लागली. सायमनची आई, तेरेसामावशी, तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. आल्तारावर मरियामातेच्या मूर्तीमागून फडक्यात गुंडाळलेली सीडी काढली. सीडीवर छापलेला आमचा लग्नातला फोटो. म्हणाल्या, नवरानवरीला काय पाखरं हाकायला टांगायचं?

त्यांच्याच टीव्हीवर लावली. अण्णा दिसले. मी रुखवताचं ताट उचलायला जातोय आणि अण्णा म्हणताहेत, जावईबापू, तुम्ही काही उचलू नका हो, मी बघतो. सरोजिनी रडता रडता हसली. तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला लावलं.

तात्पर्य: बॅकअप दुसऱ्याच्या घरी असावा. तो मी ठेवलाच होता.

निघताना म्हटलं, सीडी मी धरतो. कोणी ऐकल्यासारखं केलं नाही.