दोन डाव्या बाह्या

॥ श्री ॥

१० सप्टेंबर

चि. बटण यास, अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हूं करतोस आणि त्या हूंवरून मला काही कळत नाही. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण एवढ्याशा माहितीवरून उत्तर काढायची वेळ कधी आली नव्हती. म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी तुला डाव्या हाताने लिहायचा सराव करायला सांगितलाय म्हणे. मग तो माझ्यावरच कर. अक्षर कसंही असू दे, मी पहिलीच्या वह्या तपासलेल्या आहेत.

तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. उजवा हात लुळा पडला त्याला सात महिने झाले. पाय सावरला, जीभ तर तुझी एक दिवससुद्धा अडखळली नाही, पण तू दुकानाची पायरी चढत नाहीस. ती एकटी दुकान उघडते, काज-बटण करते, उसवलेलं शिवून देते, आणि नवं कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवते. कारण बाबांच्या कात्रीला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि आता म्हणे दसरा झाला की जागा शेजारच्या झेरॉक्सवाल्याला द्यायची. बाबांनी ज्या टेबलावर कापडं बेतली तिथे तो कागदांचे गठ्ठे ठेवणार. मला हे मुळीच पटलेलं नाही, आणि मी ते गोड बोलून सांगणारही नाही.

तुला आपल्या घरचा दसरा आठवतो का? आदल्या संध्याकाळी बाबा मशीनला तेल द्यायचे, चाकाला हात लावायचा नाही म्हणून सांगायचे. पाटावर कात्री, टेप, खडू, सुयांची डबी. एका वर्षी बाबा म्हणाले, ज्याच्याशिवाय काम अडतं ते हत्यार, आणि मी लगेच त्यांचा चष्मा उचलून पाटावर मांडला. पूजेत ठेवलेलं मध्येच उचलायचं नाही, म्हणून दिवसभर बिचारे भिंतीला हात लावत घरात फिरत होते. आईने त्यांना जेवायला हाताला धरून आणलं. पण मला रागावले नाहीत.

आणि मग ती माफी. दुसऱ्या कुणाच्या घरी हे मी पाहिलेलं नाही. फूल वाहिलं की बाबा कात्रीसमोर बसून वर्षभराच्या चुका मोठ्याने सांगायचे. अमक्याचा गळा मोठा झाला, तमक्याची पँट आखूड झाली, चूक माझी, तुझी नाही. लहानपणी मला हसू यायचं. आता वाटतं, सणाचा सगळा अर्थ तेवढ्यातच होता. एरवी आपण दिवसभर हत्यारावरच खेकसतो.

यंदा दुकानात पूजा कर. मग काय द्यायचं ते दे. सध्याची माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर तक्रार नाही.

तुझी ताई

॥ श्री ॥

१९ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. 'ण' काढताना तर घाम फुटला. तू माझं नाव बटण पाडलंस ते मी चार वर्षांचा असताना कोटाचं बटण गिळलं म्हणून, पण आता हे नाव लिहिताना माझा जीव जातो. तरी बरं, तेव्हा इस्त्री नाही गिळली.

पूजा मी करणार नाही. पूजा हत्याराची करतात. हाताविना कात्री म्हणजे नुसतं लोखंड. तिच्याकडे बघवत नाही म्हणून दुकानात जात नाही, दुसरं काही नाही.

आता विचारलंच आहेस तर सांगून टाकतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पोस्टमास्तरांचा कोट आठवतो? राखाडी, मुलीच्या लग्नासाठी शिवायला आलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा आडवे झाले होते. टेबलावर त्या कोटाच्या दोन्ही बाह्या खडूने आखून तयार होत्या. संध्याकाळी कात्री पाटावर जाणार, मग उद्यापर्यंत काम बंद. मला वाटलं, बाबा उठायच्या आत आपण कापून ठेवू, खूश होतील. दहा वर्षांचा होतो. दोन्ही हातांनी कात्री धरली आणि रेघेबरहुकूम कापलं, एक दोराही इकडचा तिकडे नाही. फक्त दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या.

आखण्यातच चूक होती, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. पण बाबा आखल्यावर नेहमी एकदा थांबून बघायचे, मगच कात्री लावायचे. खडू पुसता येतो, कापलेलं जोडता येत नाही. ते थांबून बघणं मी त्यांना करू दिलं नाही. तसलं कापड शोधत बाबा नंतर तीन दुकानं हिंडले.

आणि दुसऱ्या दिवशी पूजेत ते म्हणाले, दोन डाव्या बाह्या कापल्या, चूक माझी, तुझी नाही. मी त्यांच्या मागेच बसलो होतो. तोंड उघडलं नाही. नंतर बाबा असेपर्यंत उघडलं नाही. ज्या हाताने तेव्हा कापलं, तो हात आता गेला. तू म्हणशील वेडा आहेस. पण दिवसभर खुर्चीत बसल्यावर माणसाच्या डोक्यात हेच येतं. कात्रीसमोर खरं लपवून बसलेल्या माणसाने तिची पूजा कशी करायची?

रागावलीस तरी तुझ्या पत्राची वाट बघतोय.

तुझा बटण

॥ श्री ॥

२६ सप्टेंबर

चि. बटण यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापायला ठेवलं, ते उतू गेलं, शेगडी पुसली आणि मग रडले. आता शांतपणे लिहिते आहे.

त्या बाह्या बाबांनी आखलेल्या नव्हत्या. मी आखल्या होत्या.

सकाळी बाबांनी मला बोलावून कागदाचा नमुना हातात दिला आणि बाह्या आख म्हणाले. मी तेरा वर्षांची, गणितात पहिली, डोक्यात हवा. एक बाही आखली की कागद उलटा करून दुसरी आखायची, एवढं साधं. मी उलटा केलाच नाही. रेघा मात्र अशा सुबक काढल्या की स्वतःवरच खूश होऊन मैत्रिणीकडे निघून गेले. संध्याकाळी परत आले तर कापड कापलेलं. मला वाटलं, बाबांनी माझ्या भरवशावर न बघताच कापलं. पूजेत ते चूक माझी म्हणाले, तेव्हा मीही त्यांच्या मागे बसले होते, तुझ्या शेजारी. मलाही वाटलं, हे मला पाठीशी घालताहेत. मीही गप्प बसले. शाळेत मुलांना सांगायची की चूक झाली तर उठून कबूल करा, आणि दर वेळी मला तो राखाडी कोट दिसायचा.

आता तूच हिशेब कर. खडू माझा, कात्री तुझ्या हातात. बाबांचं त्यात काय होतं? काहीच नव्हतं रे. दोन पोरं मागे माना खाली घालून बसली आहेत, हे त्यांना पाठमोरे असूनही दिसत असणार. एका वाक्यात दोघांना मोकळं केलं, आणि आपण दोघं शहाणे ते ओझं चाळीस वर्षं वाहतोय, तेही एकमेकांना न सांगता.

आणि हात का गेला ते मी सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या तू दोन वर्षं चुकवत होतास. ह्यात कात्रीचा संबंध नाही, देवाचाही नाही. बिचाऱ्या देवाला तू उगाच बदनाम करू नकोस. उजव्या हाताला जे येत नाही ते येत नाही, ते मी बरं करू शकत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण अपराध म्हणून तो हात मांडीवर घेऊन बसायचं कारण उरलेलं नाही.

गोळ्या घे. आणि ताईवरचा राग असेल तर तोही लिही, मी तपासून परत पाठवीन.

तुझी ताई

॥ श्री ॥

४ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो, हात दुखतो.

म्हणजे बाबांनी खडूही धरला नव्हता आणि कात्रीही. हे मी बायकोला वाचून दाखवलं. मध्येच मला वाचता येईना, मग तिने वाचलं. मग आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

चूक तरीही माझीच मोठी आहे. खडू पुसता आला असता. यात मी मास्तरणीचं ऐकणार नाही.

झेरॉक्सवाल्याला दसऱ्यापर्यंत थांब म्हणालो आहे. पुढचं मलाही माहीत नाही. पूजेला जाईन, एवढं नक्की. यंदाची माफी कशाची मागायची हा प्रश्नच आहे, आठ महिन्यांत एक चिंधीसुद्धा कापलेली नाही.

नमस्कार घे आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा बटण

॥ श्री ॥

१६ ऑक्टोबर

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

पत्र मी लिहिते आहे म्हणून घाबरू नका. ह्यांची तब्येत छान आहे. दुकानात गिऱ्हाईक बसलंय, म्हणून मला म्हणाले, तूच लिही.

दसऱ्याला सकाळी हे माझ्याआधी आवरून तयार होते. दुकानात गेल्यावर डाव्या हाताने मशीन पुसलं, कात्रीला तेल दिलं, मला मदत करू दिली नाही. फूल वाहून झाल्यावर समोर बसले. बाह्यांचं सगळं सांगितलं, तुमचं नाव मात्र घेतलं नाही, मी कापलं एवढंच म्हणाले. मला वाटलं झालं. मी निरांजन उचलायला वाकले, तर म्हणाले थांब, अजून एक आहे. मग कात्रीकडे बघून म्हणाले, हिला सव्वीस वर्षं तुला हात लावू दिला नाही, चूक माझी.

मी निरांजन तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी टेबलावर कापड पसरलं आणि डाव्या हाताने आखायला घेतलं. साधा सदरा, पण दोन तास लागले. रेघ थोडी हलते, पण माप अगदी बरोबर. मग कात्री माझ्यापुढे ठेवली आणि काप म्हणाले. मी म्हटलं, बिघडलं तर? ते म्हणाले, बिघडेलच, पहिलं सगळ्यांचंच बिघडतं. आणि मी कापताना ते बघत राहिले तर मला जमणार नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. कात्रीचा आवाज थांबेपर्यंत आत आले नाहीत.

सदरा बिघडला. दुसरा बरा झाला. तिसरा काल गिऱ्हाईक घालूनच गेलं. झेरॉक्सवाल्याला ह्यांनी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं, आणि येताना त्याच्याच पँटचं माप घेऊन आले. आता आखणं ह्यांचं आणि कापणं माझं. दिवसातून चार वेळा भांडतो.

कात्री फार जड आहे हो. माझ्या अंगठ्याला हा एवढा फोड आलाय. दुखतो म्हणून सांगत नाही. हे आल्या-गेल्या प्रत्येकाला माझा हात धरून तो दाखवत बसतात, म्हणून तुम्हालाही कळवला. आत्ता त्या गिऱ्हाइकाला दाखवायला बोलावताहेत, तेव्हा इथेच थांबते.

मोठ्यांचा आशीर्वाद असाच पाठीशी राहू द्या आणि थंडीत या, तुमच्या अंगाचं माप घ्यायचंय.

तुमची भावजय