बेबीच्या सायकलवर मावरं

रविवार, संध्याकाळ

परत तेच. दादा म्हणतो, बेबी कुठं जानार हाय? अरे, आपल्या या बहिणीचे पाय लहानपणीच गेले म्हणून तर सरकारनं तीनचाकी सायकल दिली. तिच्यावर हा मावऱ्याच्या, मासळीच्या पाट्या लादून रोज कामोठ्याला विकायला नेतो. वाटपाच्या शिबिरात साहेबांबरोबर फोटो काढला, तेवढ्यापुरतीच बेबी त्या सीटवर बसली. आता सीटला बोंबलाचा वास.

मी इथून, गुजरातेतल्या कांडल्याहून, फोनवर ओरडलो, तक्रार करीन. दादा हसला. "कर. मंग तिला हागायमुतायला उचलाला तू ये." आता वहिनी उचलते, ते खरं. वहिनीला तरी त्याचं कोण काय देतं?

आज टायर फुटला, तर पैसे माझ्याकडंच मागतो. मी बेबीलाच विचारलं, काय करू?

"पाठव रं. धंदा बसला की वहिनी पयला माजाच भात कमी करते."

मग म्हणाली, "मावरं मेलेलं, तरी रोज फिरून येतं." आणि हसली. वर म्हणे, मला नाय बसायचं, सीटला वास येतो.

खोटं बोलते. मला कळत नाही का?

उद्या पाठवतो. ट्यूब धरून आठशे.