पाहुण्यांची गाडी आणि खो-खोचा खांब

धाड, २७ डिसेंबर, संध्याकाळ

किळस आली आज. देशानं वर्षभरात खेळांत काय काय जिंकलं, त्याचा सोहळा आमच्या शाळेत झाला. पाहुण्यांची गाडी थेट स्टेजपर्यंत यावी म्हणून मुख्याध्यापकांनी मैदानातला खो-खोचा खांब उपटून टाकला. मी खेळाची शिक्षिका, तिथंच उभी होती. काऊन बोलली नाही मी?

पाहुणे पदकं वाचत गेले. दर पदकाले "आपण जिंकलो" म्हणत होते. आपण? ह्या माणसाले स्टेजपर्यंत चालत येणं झालं नाही. आणि सोमवारी ज्यांचा तालुक्याले सामना आहे, त्या मुली उन्हात बसून टाळ्या वाजवत होत्या. खांब त्यांच्या बाजूलेच आडवा पडलेला.

शेवटी आमची कॅप्टन वैष्णवी आली. "मॅडम, सराव कसा करावा आता?" मी सरांकडे गेली. सर म्हणाले, "राहू द्या तो खांब. सव्वीस जानेवारीलेही गाडी येणारच हाये."

मी "हो सर" म्हटलं. मग जाताना गाडी आदळू नये म्हणून खांबाचा खड्डा मुलींकडूनच बुजवून घेतला. वरून पाय आपटून माती दाबली, ती मात्र मी.