पेंडिंग शून्य

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०
संकल्प: रोज डायरी. रोज लॉग तपासणे. कुणावर चिडायचं नाही. आमच्या डायलिसिस सेंटरचं नवं सॉफ्टवेअर शनिवारी सुरू होणार. सपोर्टचा प्रमुख मी. टीममध्ये मी आणि बबिता. टीम आटोपशीर आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
पुण्याच्या डेव्हलपरांची ऑनलाइन मीटिंग होती. बबिता म्हणाली, सर, आत्तापासूनच बसू, नंतर निस्तरायचं आपल्यालाच हाय. समजावलं, सपोर्टचं काम बिघडल्यावर सुरू होतं. आधीच जाऊन बसणं म्हणजे अपशकुन. गेलो नाही, तिलाही बसू दिलं नाही. तेवढ्या वेळात टेबल आवरलं. चांगल्या सवयी टेबलापासून सुरू होतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार
बबिता पेशंटांची जुनी यादी घेऊन आली. बावीस जणांच्या मोबाइल नंबराआधी शून्य आहे. नव्या सिस्टिममधून मेसेज जातो का, एकदा पाठवून बघू म्हणाली. टेस्टिंग डेव्हलपरांचं काम. यादी ड्रॉवरमध्ये ठेवली.

१ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६
सुरू झालं! आता सिस्टर फोन करत बसणार नाहीत. वेळापत्रक नवं, आणि डायलिसिसची पाळी कधी ते पेशंटला आदल्या कामाच्या दिवशी मेसेजनेच कळणार. सेंटरच्या प्रमुख रुद्राणी मॅडमनी पेढे वाटले. निघताना स्क्रीनवर ‘मेसेज पेंडिंग ११’. रीस्टार्ट केलं. शून्य! नवी सवय: घरी जाण्याआधी रीस्टार्ट.

३ नोव्हेंबर, सोमवार
सिस्टर म्हणाल्या, सात खाटा रिकाम्या. कापूस वेचणीचे दिवस आहेत, लोक रानात असतील. संध्याकाळी पेंडिंग ९. रीस्टार्ट. शून्य.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पेडगावच्या सरजाबाई आल्या, सोबत मुलगा पंडित. चार वर्षं त्यांची पाळी मंगळवार-शुक्रवार. नव्या वेळापत्रकात सोमवार-गुरुवार. मेसेज आलाच नाही म्हणे. काउंटरवाल्याने मला विचारलं, सिस्टिममध्ये आज नाव नाही, घ्यायचं का. आज एकाला घेतलं की उद्या सगळे येतील. सांगितलं, गुरुवारचा मेसेज उद्या येईल, तो आला की या.
“साहेब, मायचे पाय लय सुजलेत,” पंडित म्हणाला.
शांतपणे बोललो. चिडलो नाही. संकल्प टिकतोय.
खाट तर रिकामीच हाय की, असं बबिता नंतर पुटपुटली. शिस्त कळायला तिला वेळ लागेल.

५ नोव्हेंबर, बुधवार
पेंडिंग १४. बबिता म्हणाली, आकडा वाढायलाय सर, रीस्टार्ट नका करू, आधी कुणाकुणाचे अडकलेत ते बघू. मला न विचारता तिने पुण्याला मेल टाकला. वर्षअखेरच्या शेऱ्यात लिहिणार. रीस्टार्ट. शून्य.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नऊ खाटा रिकाम्या. सिस्टर दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन गेल्या. दिवसभर कुणाची तक्रार नाही. इतकी शांतता म्हणजे सपोर्ट उत्तम चाललाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११
सरजाबाईंना जीपमधून आणलं. दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. आठवडाभर डायलिसिस नाही. सरळ आयसीयूत नेलं.
पुण्याचं उत्तर आलं. बबिताने मॅडमसमोर वाचलं: आधी शून्य असलेल्या नंबरांचे मेसेज अडकतात आणि रीस्टार्ट केल्यावर पुसले जातात, हे २८ तारखेच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं, मीटिंगला आपल्याकडून कोण होतं?
पाणी प्यायलो.

दुपारी ४
ड्रॉवरमधली यादी काढली. मी आणि बबिता एकेकाला फोन लावतोय. राणीसावरगावच्या मालनबाई म्हणाल्या, मेसेजची वाटच बघायलेय बाबा, उशाला फोन घेऊन बसलेय. त्यांना आत्ताच या म्हणालो. वेळापत्रकात बसत नाही. तरी म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार
एकवीस जण मिळाले. पूर्णेच्या सटवाजींचा फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. बबिता सकाळच्या गाडीने पूर्णेला गेलीय. अजून काही कळवलं नाही.
मी आयसीयूबाहेर बाकावर. सरजाबाईंचं डायलिसिस चालू आहे. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. पंडित शेजारी येऊन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, “साहेब, तुमचं हितं काम काय असतंय?”
“सपोर्ट,” मी म्हणालो.
“कुणाला?”
मी यादी काढली आणि सटवाजींचा नंबर पुन्हा लावला.