चौकशीत काही निघालं नाही

अण्णा, गेल्या मंगळवारी तुमच्या नातवाची चौकशी झाली आणि त्यात काहीही निघालं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण लग्नाआधीच्या चौकशीवरून राग काढायचा तर तो तुमच्यावरच काढला पाहिजे. दुसरं कोणी त्या लायकीचं मला दिसत नाही.

चौकशी केली मुलीच्या मामाने. मुलगी नागपूरची, नोकरीसाठी इथे न्यू जर्सीत आलेली, आमच्यापासून गाडीने वीसेक मिनिटांवर राहते. तिची आणि आमच्या मुलाची ओळख एका मित्राच्या घरी झाली, मग दोन्ही घरांत बोलणी सुरू झाली आणि आता साखरपुड्याचा हॉल बघणं चाललं आहे. मामा सांता क्लाराला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मी मेथी निवडत होते तेव्हा त्याचा फोन आला. "काकू, राग मानू नका हं, पण आजकाल आम्ही सगळ्यांचंच करतो. एकुलती एक भाची आहे यार. सॉरी, काकू. ती सेक्स ऑफेंडर लोकांची सरकारी साइट असते ना, तिच्यावर त्याचं नाव टाकलं. तुमच्या राज्याचं बघितलं, सगळ्या देशाचं बघितलं, वर त्याचा पत्ता टाकून मैलभराचा एरियासुद्धा सर्च केला. एकदम क्लीन! त्याच्या बिल्डिंगपासून दोन रस्ते सोडून एक म्हातारा आहे, त्याच्यापासून तेवढं जपायला सांगा." मी म्हटलं, "बरं झालं बघितलंत." फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडली.

अण्णा, तुमचा नातू त्या नोंदीत आहे. तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा तो रांगतही नव्हता, त्यामुळे तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, एका पार्टीनंतर, तो एका मुलीच्या खोलीत गेला. ती झोपलेली होती, प्यायलेली होती, हो किंवा नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हती. याहून सौम्य शब्द मी शोधले नाहीत, तुम्हीही शोधू नका. त्याने गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यापासून तो राहतो त्या गावच्या पोलीस स्टेशनात दरवर्षी जाऊन आपली नोंद करतो. पहिल्या खेपेला मीच गाडीने घेऊन गेले. खिडकीपाशी उभं राहायचं, लायसन्स दाखवायचं, घरचा पत्ता, नोकरीचा पत्ता, गाडीचा नंबर सांगायचा, फोटो, बोटांचे ठसे. घर बदलायचं तर आधी कळवायचं, नोकरी बदलली तर कळवायचं, नाही कळवलं तर तोच नवा गुन्हा. खिडकीतला पोलीस सभ्य होता. आमच्या मागे एक बाई अपघाताचा रिपोर्ट घ्यायला उभी होती. निघताना याने तिच्यासाठी दार धरून ठेवलं आणि ती म्हणाली, हल्ली इतकी चांगली मुलं कुठे बघायला मिळतात.

मग मामाला तो दिसला का नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही नेमके प्रश्न विचारण्यात हुशार होतात. इथे नोंदणी सगळ्यांची होते, पण दाखवत सगळ्यांना नाहीत. सुटलेल्या माणसाच्या हातून पुन्हा असं काही घडण्याची शक्यता किती, याचा हिशेब सरकारी वकील मांडतो, कोर्ट त्यावर शिक्का मारतं आणि आमच्या राज्यात तीनपैकी एक पायरी ठरते. सगळ्यात वरची पायरी असेल तर पोलीस दारोदार जाऊन शेजाऱ्यांना सांगतात. मधली असेल तर शाळांना, मुलांच्या संस्थांना सांगतात. खालची असेल तर ते पोलिसांपाशीच राहतं. लोकांनी घरबसल्या शोधायची जी साइट आहे तिच्यावर वरचे सगळे असतात, मधले बरेचसे असतात, खालचे नसतात, आणि तुमचा नातू खालचा. देशभराची म्हणून जी साइट आहे ती तरी काय करते? राज्यांनी जेवढं उघड केलंय तेवढंच एकत्र दाखवते. हे त्याच पानावर लिहिलेलं आहे. वाचतो कोण? ही माहिती कोणाला छळायला वापरणार नाही, अशी कबुली सुरुवातीलाच द्यावी लागते. तिथेही माणसं न वाचताच बोट ठेवतात आणि पुढे जातात. मी सगळा जन्म औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत काढला. ज्याची चाचणीच घेतली नाही त्याच्यापुढे 'आढळले नाही' असं लिहिणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिलं नसतं. आणि हा इंजिनिअर मला फोनवर 'क्लीन' सांगतो!

पण त्याच्यावर किती चिडायचं? निदान त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असायचं. तुम्ही कराडला पोस्टमास्तर, गावोगावचे पोस्टमास्तर तुमचे ओळखीचे, आणि उपवर मुलींचे बाप चौकशीसाठी तुमच्याकडे यायचे. तुम्ही रजा टाकून एसटीने त्या गावाला जायचात, तिथल्या पोस्टात काउंटरच्या आतल्या बाजूला चहा घेत बसायचात आणि परत येताना सगळं घेऊन यायचात. मुलगा आईला मनीऑर्डर करतो का, वेळेवर करतो का, त्याला कोणाकोणाची पत्रं येतात. आत्याच्या, म्हणजे तुमच्या आक्काच्या, मुलीच्या वेळी असेच गडहिंग्लजला गेला होतात. आलात आणि म्हणालात, नोकरी कायमची, घर स्वतःचं, सुपारीचंही व्यसन नाही. आत्याने पेढे वाटले. ती माझी बहीण पुढच्या दिवाळीला माहेरी आली ती मनगट प्लास्टरमध्ये घालून, आणि तेव्हा सगळ्यांना कळलं की त्या माणसाची पहिली बायको अशीच हात मोडून घेऊन चार महिन्यांत निघून गेली होती.

मी पुण्याहून सुट्टीला आलेली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. स्वयंपाकघर अजून दिसतं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर जेवायला बसलेले, मी वाढते आहे. मी विचारते, "अण्णा, तुम्हाला गडहिंग्लजला हे कळलं नव्हतं?" तुम्ही घास घेता, पाणी पिता. "कळलं होतं." आईचा थापणारा हात थांबतो. "मग?" "आक्काने नोकरी विचारली, घर विचारलं, व्यसन विचारलं. पहिलं लग्न विचारलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं असतं. लोकांची लग्नं मोडायला बसलेलो नाही मी." मी म्हणते, "पण तुम्हाला ठाऊक होतं." आणि तुम्ही म्हणता, "कॉलेजात पाठवलंय ते उलट बोलायला नाही. आमटी आण." मी आमटी आणते. इतकी वर्षं झाली, ती आमटी मी का आणली हे मला कळलेलं नाही.

आता ह्यांचं ऐका. तुमची आणि ह्यांची भेट जेमतेम चार-पाच वेळा झाली असेल, पण वाक्यं तुमचीच. मंगळवारी संध्याकाळी फोनचं सांगितल्यावर म्हणाले, "मामाने तुला विचारलं का, की तुमचा मुलगा तुरुंगात गेला होता का म्हणून? नाही ना? मग तू कशाला मध्ये पडतेस?"

"मध्ये? मी आई आहे त्याची."

"म्हणूनच सांगतोय. त्याने भोगलंय. आणखी किती भोगायचं? त्याने संसारच करायचा नाही?"

"करू दे की. तिला सगळं कळू दे आणि मग दोघं मिळून करू देत."

"कळल्यावर कोण करणार आहे?"

"तेच म्हणतेय मी."

ते गॅरेजमध्ये निघून गेले. आमच्याकडे भांडण संपलं की हे गॅरेज आवरतात. आमचं गॅरेज फार व्यवस्थित आहे.

पोराला गुरुवारी बोलावून घेतलं. तो पस्तिशीचा आहे, कपाळ तुमच्यासारखं मोठं झालंय. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो, हे त्याच्या लहानपणापासूनचं. "आई, आय विल टेल हर. जस्ट नॉट लाइक धिस."

"मग कसं? साखरपुड्याच्या केकवर लिहून?"

"यू थिंक धिस इज फनी?"

"मला यातलं काहीच फनी वाटत नाही. शनिवारपर्यंत तू सांग. नाहीतर रविवारी मी सांगेन."

"यू आर सपोज्ड टू बी ऑन माय साइड."

"आहे. म्हणून तर शनिवारपर्यंत थांबतेय."

तो जेवला नाही. मी पोळ्या बांधून दिल्या, त्या मात्र नेल्या.

तिच्याबद्दल अजून काही सांगितलंच नाही. ती मोठ्याने हसते, जेवताना बोलते, मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "काकू, तुम्ही भयंकर स्ट्रिक्ट आहात असं ऐकलंय, खरं का हो?" मला ती आवडते. आवडली नसती तर हे सगळं सोपं गेलं असतं की अवघड, मी विचार केलेला नाही.

रविवारी सकाळी ती एकटीच आली, डब्यात सांबारवडी, त्यांच्या नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, घेऊन. स्वतः केलेली, थोडी फुटलेली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि आपणच म्हणाली, "काकू, टेन्शन घेऊ नका. त्याने मला काल सगळं सांगितलं."

मला एकदम हलकं वाटलं, अण्णा. मी खुर्चीवर बसले. "काय सांगितलं?"

"ते कॉलेजातलं. मिसअंडरस्टँडिंग झालं, त्या मुलीने कम्प्लेंट केली, केस झाली, मग मिटली. रडला हो तो! मी म्हटलं, अरे बावळट, एवढंच ना?"

बघा, तुमचा नातू शोभतो. ते मिसअंडरस्टँडिंग सोडलं तर एक अक्षर खोटं म्हणावं असं नाही, आणि खरं तर काहीच नाही. मी उठले. म्हटलं, "मिसअंडरस्टँडिंगसाठी तीन वर्षं तुरुंग होत नाही."

ती हसली. "काकू, तुम्ही पण ना." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा बाजूला सरकवला. तुम्हाला वर सांगितलं तसंच तिला सांगितलं, त्याच क्रमाने, उभ्यानेच. संपल्यावर म्हणाली, "पण मामाने तर चेक केलं होतं." तेव्हा पायऱ्यांचं सगळं पुन्हा सांगितलं. "म्हणजे हा सगळ्यात खालच्या लेव्हलचा. म्हणजे कमी सीरियस ना?" ती अगदी आशेने विचारत होती. म्हटलं, "नाही. त्याच्या हातून पुन्हा होण्याची शक्यता कमी, असं कोर्टाला वाटलं. जे झालं ते कमी होतं, असा त्याचा अर्थ नाही."

बराच वेळ ती ओट्यावरचा एकच डाग बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "ती मुलगी आता कुठे असते?"

"माहीत नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

"तिच्याशी संबंध ठेवायला त्याला कोर्टाची बंदी आहे, आमच्यामार्फतसुद्धा," मी म्हटलं. ते खरं आहे. कधी मनातही आलं नाही, हेही खरं आहे, आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. मग ती चिडली. त्याच्यावर नाही, माझ्यावर. "मंगळवारी मामा तुमच्याशी बोलला. मंगळवार ते रविवार तुम्ही गप्प बसलात? मी काल रात्री आईला फोन करून सांगितलं, की सगळं ओके आहे म्हणून!" पहिली संधी त्याला द्यायची होती, असं मी म्हणाले. ते तिला पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्याकडे काही पेपर्स आहेत?" मी होते तेवढे आणून दिले. तिने पाकीट पर्समध्ये टाकलं नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून गाडीपर्यंत गेली आणि बसून राहिली. गाडी सुरू व्हायला इतका वेळ लागला की मी दोनदा दाराशी जाऊन परत आले.

त्यानंतर तिचा काहीच निरोप नाही. पोराचा एकच मेसेज आला, की तुला हा हक्क नव्हता. मामाचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही, आज उचलेन. हॉल अजून रद्द झालेला नाही, आणि त्यावरून ह्यांनी काहीतरी अंदाज बांधलाय. मी बांधलेला नाही. ती हो म्हणेल की नाही हे माझं कामच नव्हतं. माझं काम एवढंच होतं, की ती जे काही म्हणेल ते सगळं माहीत असताना म्हणावं. इतकं साधं काम गडहिंग्लजहून परत आल्यावर एका माणसाने केलं असतं तर आत्याच्या मुलीचं मनगट अजून सरळ असतं. ती कणीक मळते तेव्हा अजून डावा हात वापरते, अण्णा. तुम्ही शेवटपर्यंत तिच्याकडे जेवायला जात होतात.

या मुलीला काय काय दिलं ते लिहून ठेवते. गुन्ह्याच्या कबुलीची प्रत. शिक्षेच्या आदेशाची प्रत. त्याची पायरी ठरवणाऱ्या आदेशाची प्रत. सगळं मोठ्या पाकिटात घालून, तिच्या हातात, तिने मागितल्यावर. आणि आणखी एक कागद होता, जो यात बसत नाही आणि ज्याने काही बदलत नाही. सुटून आल्यावर तो दर आठवड्याला उपचारांना जात होता, एकदाही चुकला नाही, असं तिथल्या बाईंनी लिहून दिलेलं पत्र. ते मी आधी सगळ्यात वर ठेवलं होतं. तिला द्यायच्या आधी काढून सगळ्यात खाली ठेवलं. पण ठेवलं.